नत्थूजींची दुसरी खेप

आबाजींच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, पहिल्या स्मृतिदिनाला माझ्या धाकट्या भावानं, धम्मदीपनं, चौकात लावायला फ्लेक्स छापून आणला. वर आबाजींचा फोटो आणि खाली लाल अक्षरांत ‘करुणेचा सागर, नत्थूजी मेश्राम’. मी तो उलगडून वाचला आणि आमची तिथेच जुंपली. आमचे आबाजी सागर वगैरे काही नव्हते. सागर निदान एका जागी तरी असतो. हा माणूस जेवताना दोनदा उठायचा आणि लग्नाच्या पंगतीतून मठ्ठा यायच्या आत गायब व्हायचा. दयाळू माणसं शांत असतात, असं कुणीतरी आपल्याला शिकवून ठेवलंय. असतील कुठं. आमच्या घरी होता तो दयाळू माणूस सदा चपलेत पाय घालूनच बसलेला असे. आणि ही बेचैनी त्यांनी मला देऊन टाकली, दुकानाच्या किल्लीसोबत.

आबाजी आधी गिरणीत होते, वाइंडिंग खात्यात. गिरणी बंद पडली तेव्हा ते चाळिशीचे. हाताखाली दोन लेकरं. सुताच्या वाइंडिंगवर पोट भरेना तेव्हा ते मोटारीचं वाइंडिंग शिकले आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीत टिनाच्या शेडखाली कूलर दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझे वडील रेल्वेत लागले, त्यांना पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, सरळ धरता येत नाही. मी मात्र शाळेतून आले की दप्तर टाकून शेडखाली जायची. पुढे आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन ट्रेड, सगळ्या वर्गात एकटी मुलगी. आता दुकान मी चालवते. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, आणि गिऱ्हाईकं अजून विचारतात, ‘नत्थूजीची नात तूच का?’

बाहेरगावच्या वाचकांना सांगते, नागपुरात मे महिन्यात पाहुण्याला आधी कूलरसमोरची खुर्ची देतात, पाणी नंतर. होळी झाली की गच्चीवरून, माळ्यावरून, बाल्कनीतून कूलर उतरतात. कुणाच्या मोटारीत पाणी गेलेलं असतं, कुणाच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या असतात, आणि ताट्या, म्हणजे तीन बाजूंनी लावायच्या त्या गवताच्या जाळ्या, तर सगळ्यांच्याच बदलायच्या असतात. तिथून जूनपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. आबाजी एकेका दिवशी दहा-दहा घरं करत. कूलर सुरू झाला की टिनाला पहिला हात स्वतःचा लावत, उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं. करंट उतरत नाही याची खात्री पटली की मगच घरच्या माणसांना पुढे येऊ देत.

एवढं करूनही त्यांचं समाधान होत नसे. दोन-तीन दिवस गेले की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. ‘त्या शोभाताईच्या कूलरचा स्क्रू ढिला राह्यला वाटते.’ ‘महादेवरावच्या पंपाचा पाईप निसटला असन.’ मग ऐन दुपारी चाळीस-बेचाळीसच्या उन्हात निघायचे. घरात याला आम्ही ‘दुसरी खेप’ म्हणत असू. आई म्हणायची, त्यांना वहम आहे. गिरणीत त्यांच्या डोळ्यांसमोर एकाला करंट लागला होता, तेव्हापासून हे बसलंय डोक्यात. सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. माझ्या घरात कुणीही गॅस दोनदा तपासला की लगेच, ‘आबाजीवर गेला’ म्हणतात.

शेवटच्या दोन उन्हाळ्यांत त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून या दुसऱ्या खेपेला माझी स्कूटी लागायची. मला याचा मनस्वी राग यायचा. दुकानात कामं पडलेली, आणि मी कुणाच्या तरी फाटकासमोर उन्हात, दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळून. आबाजी आत गेले की अर्धा-अर्धा तास बाहेर येत नसत. मी हॉर्न वाजवायची. एकदा तर इतका वाजवला की शेजारच्या घरातली बाई खिडकीत येऊन माझ्यावर ओरडली.

“आबाजी, स्क्रू पिळायला इतका वेळ लागते का?”

“बारीक काम हाय वं ते,” ते मागे बसत म्हणायचे. “चाल.”

तीन वर्षांपूर्वी, सीझन संपल्यावर, हिवाळ्यात ते गेले. मला वाटलं होतं, निदान आता दुसऱ्या खेपा संपल्या.

यंदाच्या नवतप्यातली गोष्ट. मेच्या शेवटी नऊ दिवस ऊन डोक्यावर बसतं, त्यातला तिसरा दिवस. सावनेरला धम्मदीपचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा, दुपारी एकला. आमच्याकडे साक्षगंधात नवरीच्या, म्हणजे दीक्षाच्या, हातात साडी द्यायचा मान मोठ्या बहिणीचा असतो, म्हणजे माझा. दहाला गाडी निघणार होती. साडेआठला महादेवरावांचा फोन आला. “माहा कूलर गरम वाफा फेकून राह्यला. तू येतं, का मी मरू?”

महादेवराव म्हणजे आबाजींचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात किरकिरं गिऱ्हाईक. कुहीच्या तहसील कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय एक्याऐंशी. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. मी लावलेली एकही ताटी त्यांना पसंत पडलेली नाही. नत्थूजीच्या ताट्या कशा पाणी प्यायच्या, हे मला दरवर्षी ऐकावं लागतं. पण नवतप्यात त्या वयाच्या माणसाला कूलरशिवाय ठेवायचं नसतं, म्हणून आईनं काढून दिलेल्या मोरपिशी साडीतच मी निघाले.

पंप जळला होता. नवा टाकला. पंपाची वायर उंदरानं खाल्ली होती, म्हणून ती कापून नवा जोड दिला. तेवढ्यात लाईन गेली. कूलर चालवून पाहता येईना, आणि आईचे फोनवर फोन. मी दार ओढलं, महादेवरावांना काहीतरी सांगितलं आणि पळत सुटले. काय सांगितलं ते मला आठवत नाही. सगळं रामायण पुढे त्यामुळेच झालं.

गाडीनं कोराडी ओलांडली तेव्हा आईनं साडीला लावायला सेफ्टीपिन मागितली. मी पर्समध्ये हात घातला आणि हाताला टेपची गुंडाळी लागली. काळी, नवी कोरी, वरचा कागदसुद्धा फाडलेला नाही.

मी ती हातात घेऊन बघतच राहिले. या टेपनं मी तो जोड गुंडाळणार होते. वायरी पिळल्याचं आठवत होतं. त्यांच्यावर टेप चढवल्याचं आठवत नव्हतं. म्हणजे दोन उघड्या तारा टिनाच्या पेटीत, वरून ताट्यांचं पाणी ठिबकणार. आणि पिन? बोर्डातून पिन काढली होती का? आमच्याकडे लाईन गेली की कुणी कूलर बंद करत नाही, बटण तसंच ठेवतात. लाईन आली हे आम्हाला दिव्यावरून कळतच नाही, कूलर घुरघुरला की कळतं. महादेवराव तर कूलर चालू असतानाच बादलीनं पाणी टाकतात, एक हात टिनावर टेकवून. मी हजारदा सांगितलंय. ते म्हणतात, नत्थूजी होता तोवर काही झालं नाही.

फोन लावला. बंद. लाईन नाही तर चार्जिंग कुठून असणार. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सुट्टीत गावाला गेलेले. शेजारचा नंबर नाही. पुन्हा लावला. बंद.

“दादा, गाडी थांबवा,” मी ड्रायव्हरला म्हटलं.

“काय झालं वं?” आई.

“महादेवकाकाजीकडे जावं लागते. वायर उघडी राहिली वाटते.”

“वाटते?” आईचा आवाज चढला. “सख्ख्या भावाचं साक्षगंध सोडून तू वाटते म्हणून जाऊन राह्यली? नवरीले साडी कोण देईन?”

“तू दे.”

“मी सासू होय, नणंद नाही!”

पुढच्या सीटवरून धम्मदीप वळला. नवा कुर्ता, कपाळावर घाम. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “ताई, एकपर्यंत येशीन ना?” मी हो म्हटलं. ते खोटं आहे हे त्यालाही कळलं. गाडीचं दार लावताना मागून आईचं आलंच, “आबाजीवर गेली कार्टी.”

रस्त्याच्या कडेला सावली म्हणून काही नव्हतं. एक काळीपिवळी थांबली नाही, दुसरी भरलेली होती. मी मधूनमधून फोन लावत होते, बंद, बंद. शेवटी एसटी मिळाली, तीत उभी राहिले. प्रत्येक थांब्याला कुणी गाठोडं उतरवतंय, कुणी कंडक्टरशी वाद घालतंय, आणि माझ्या डोळ्यांसमोर महादेवरावांची ती पितळी बादली. मला त्यांचा राग येत होता, एवढा मोठा माणूस, चालू कूलरमध्ये पाणी टाकतो. उंदराचा राग येत होता. सगळ्यात जास्त आबाजींचा. दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकला असं होतं? पंप टाकला, निघाला, संपलं. रात्री झोपतो बिचारा. मला मात्र दर सीझनला कुठलातरी स्क्रू, कुठलातरी पाईप डोक्यात घेऊन फिरावं लागतं. आणि त्या दिवशी तर भीती खरी होती. माझ्या हातून एक माणूस मरणार होता, आणि तो मेला तर मी त्या दुकानाचं शटर पुन्हा उघडणार नव्हते, हे मी बसमध्ये उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं.

बसमधून उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याला तीनदा सांगितलं, जोरात घ्या. तो म्हणाला, मॅडम, टायर फुटून राहिले या उन्हात. नंदनवनाच्या चौकात कळलं की आमच्या भागातली डीपी जळली होती आणि आता दुरुस्त होऊन राहिली होती. म्हणजे लाईन कोणत्याही मिनिटाला येणार होती, किंवा आलेलीही असेल.

फाटक उघडंच होतं. कूलरचा आवाज नव्हता. आवाज नाही हे चांगलं की वाईट, मला ठरवता येईना. “काकाजी!” मी अंगणातूनच ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. पायातली चप्पल एक बाहेर, एक उंबरठ्यावर.

महादेवराव आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. डोक्यावर ओला दुपट्टा, समोर चार दिवसांचे पेपर. त्यांनी मान वर केली.

“काहून ओरडून राह्यली? मेला का कोणी?”

मी सरळ कूलरकडे गेले. पिन बोर्डात नव्हती. काढून, वायर नीट गुंडाळून कूलरच्या माथ्यावर ठेवलेली होती, अगदी मी ठेवते तशी. मी मागची ताटी हातानं उपसून काढली आणि आत वाकून पाहिलं. जोड व्यवस्थित गुंडाळलेला, तीन पदर, लाल टेपचे. लाल. मग आठवलं. महादेवरावांच्या खिडकीत जुनी लाल टेप पडलेली होती, माझी पर्स दूर होती म्हणून तीच घेतली होती. सगळं झालेलं होतं. माझ्या हातांनी केलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

मी तिथेच फरशीवर बसले. साडी ओली झाली. रडू आलं नाही, संताप आला. अर्ध्या रस्त्यातून परत आले, भावाचा एवढा दिवस घालवला, नवरीच्या घरच्यांसमोर आईला खाली मान घालायला लावली, आणि कशासाठी? काही नव्हतंच इथे.

“सकाळी जाताना तूच त सांगतलं मले,” महादेवराव म्हणाले. “लाईन आली तरी मी आल्याशिवाय पिन लावू नका. म्या लावली नाही.” मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पेचकस कुठी हाय तुया?”

पेचकस, मीटर, टेस्टर, सगळं दुकानात होतं. मी हातात पर्स घेऊन धावत आले होते. काही बिघडलेलं असतं तर मी ते दुरुस्त कशानं करणार होते, हे एवढ्या वाटेत मला एकदाही सुचलं नव्हतं.

“नाही आणला,” मी म्हटलं.

महादेवराव हसायला लागले. या माणसाला मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं ठसका लागला.

“आता झाली तू नत्थूजीची खरी नात,” ते म्हणाले. “तो बी दुसऱ्या खेपेले काहीच आणत नव्हता. पह्यल्या खेपेले पिशवी भरून सामान. दुसऱ्या खेपेले हात हालवत. येऊन म्हणे, महादेवराव, तुमचा स्क्रू ढिला राह्यला वाटते, पाहून घेतो. मी म्हणो, पाह्य बापा. मंग तो त्या खुर्चीत बसे, मी चहा टाको.”

“आणि कूलर?”

“कूलरले कधी हात नाही लावला त्यानं. काही झालंच नव्हतं त कायले लावन?” त्यांनी दुपट्टा काढून पिळला, पुन्हा डोक्यावर टाकला. “म्या बी कधी म्हटलं नाही, नत्थूजी, तुया पेचकस कुठी हाय. म्हटलं असतं त त्यानं येणं बंद केलं असतं.”

मला शोभाताईंचं घर आठवलं. नर्स होत्या त्या, मुलगी परदेशात. गल्लीच्या टोकाचा तो म्हातारा टेलर आठवला, ज्याचं कुणी नव्हतं. आमच्याच वस्तीत नऊ माणसांचं एक घर होतं, तिथला कूलर खरोखर दर आठवड्याला बंद पडायचा. तिथे आबाजी एकदाही दुसऱ्या खेपेला गेले नाहीत. मी म्हणायची, आबाजी, तिकडे जा ना, तो बिघडला असेल. ते म्हणत, ‘त्यायले गरज पडली त सांगतीन ते.’ आणि मी फाटकाबाहेर हॉर्न वाजवत बसलेली. स्कूटीवर मागे बसताना त्यांच्या हातात काय आहे, हे मी कधी पाहिलंच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या चांगुलपणाला वहम असं नाव देऊन ठेवलं होतं, आणि त्यांनी ते नाव खुशाल राहू दिलं, कारण त्या नावाच्या आडून कुणाकडेही जाता येत होतं. हे कळलं तेव्हा मात्र मला रडू आलं. महादेवरावांनी पेपर तोंडासमोर धरला आणि मी त्यांना दिसतच नाही असं केलं.

मी त्यांच्यावर गेले आहे, असं सगळे म्हणतात. ते त्या दिवशी तरी खोटं होतं. मी भीतीनं आले होते. महादेवराव मरतील म्हणून, आणि त्याहून जास्त, ते माझ्या हातून मरतील म्हणून. त्यांना एकटं वाटत असेल म्हणून मी उभ्या आयुष्यात कधी त्यांच्या फाटकातून आत गेले नव्हते.

फोन वाजला. धम्मदीप. मागे मंडपाचा गलका.

“ताई, काय झालं? आहेत ना काकाजी?”

“आहेत. सगळं ठीक आहे.”

“मंग निघ ना लवकर. दीक्षाचे बाबा म्हणते थांबू थोडं, नणंद आल्याशिवाय साडी नाही. दीडपर्यंत थांबतीन. आत्ता ऑटो केला त पोचशीन.”

त्याचं बरोबर होतं. आत्ता निघाले तर पोचले असते. ऑटोवाला कोपऱ्यावरच उभा होता, मला दिसत होता. पिन जागेवर, जोड जागेवर, माणूस जागेवर. माझे पाय नेहमीप्रमाणे उठायला बघत होते.

“दोन वाजतीन मले,” मी म्हटलं. “त्यांना म्हण, ताईची चूक आहे, रागवायचं तर तिला रागवा.”

“अजून काय काम राह्यलं तिथं?”

“आहे बारीक.”

 तो म्हणाला, “बरं, ये,” आणि फोन ठेवला.

मी उठले. ओल्या साडीचा काठ पिळला. महादेवराव पेपरच्या वरून बघत होते. त्यांना वाटलं असावं मी निघाले, कारण त्यांनी दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर पेपरात घातली.

“काकाजी,” मी म्हटलं, “लाईन आल्याशिवाय कूलर तपासता येत नाही. थांबते मी थोडी.”

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले, “पाहून घे बापा. काही सांगता येत नाही.” आणि वाकून त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे पेपर उचलून खाली ठेवले.